केराटोकोनस: आरजीपी लेन्स डोळ्यात टिकत नाही, स्क्लेरल लेन्स बसवून घ्यावी का?

शिरोलीकर | ३ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

माझे वय २६ असून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी तपासणी खात्यात काम करतो. कास्टिंग मशीनवरून उतरले की व्हर्निअर आणि मायक्रोमीटर लावून मापे घ्यायची आणि नोंदवहीत लिहायची, हे रोजचे काम. तीन वर्षांपूर्वी व्हर्निअरवरची एक रेषा मला दोन दिसू लागली. रात्रपाळीमुळे झोप पुरी होत नाही, त्याचा हा परिणाम असावा असे समजून मी काही महिने दुर्लक्ष केले. नंतर चष्म्याचा तिरका नंबर दर सहा महिन्यांनी बदलू लागला आणि तावडे हॉटेलपाशी हायवे ओलांडताना समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांना शेपट्या फुटलेल्या दिसू लागल्या, तेव्हा कुठे मी बुबुळाच्या तज्ज्ञांकडे गेलो. टोपोग्राफी (बुबुळाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) झाली आणि केराटोकोनसचे, म्हणजे बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराचे, निदान झाले.

अहवालातील आकडे असे आहेत. डाव्या डोळ्याची वक्रता ५१.५ आणि ५६.५ डायॉप्टर असून सर्वांत पातळ जागी जाडी ४५५ मायक्रॉन आहे. उजव्या डोळ्याची वक्रता ४६ आणि ४८ आहे. चष्मा लावून उजव्या डोळ्याने ६/९ ची ओळ वाचता येते, डाव्याने ६/२४ च्या पुढे जाता येत नाही. डाव्या डोळ्याचे क्रॉस-लिंकिंग (आजार वाढण्याचे थांबवणारा उपचार) १४ महिन्यांपूर्वी झाले आहे आणि त्यानंतरच्या दोन्ही तपासण्यांत आकडे स्थिर आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्यानंतर एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मी डाव्या डोळ्यासाठी आरजीपी (प्राणवायू जाऊ देणारी लहान, कडक) लेन्स घेतली. तेथे माझा अहवाल पाहून लेन्स थेट मागवली गेली. आधी डोळ्यात घालून काही पाहिले नाही. पहिल्या दिवशी अक्षरे इतकी स्वच्छ दिसली की मला भरून आले. परंतु दुपारपर्यंत डोळा लाल होई, वाऱ्याबरोबर वाळूचा कण आत गेला की टाचणी टोचल्यासारखे होई, आणि दोन आठवड्यांत लेन्स दोनदा डोळ्यातून निसटली. दुसऱ्या वेळी ती मोल्डिंगच्या वाळूतच पडली. बॅटरी घेऊन अर्धा तास आम्ही तिघे ती निळसर टिकली शोधत होतो. ती सापडली नाही.

आता "तुमच्या डोळ्याला आरजीपी चालणारच नाही, स्क्लेरल घ्या" असे तेथे सांगितले जाते. खर्च मोठा आहे, म्हणून विचारतो. स्क्लेरल लेन्स खरोखरच वेगळी असते का, की केवळ महाग असते? फौंड्रीतल्या धुळीत ती चालेल का? आणि कोल्हापुरात ती नीट बसवून मिळेल, की पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे? कृपया अनुभवी मंडळींनी लिहावे.

ऑप्टोमेट्रिस्ट_राजारामपुरी | ४ जून, सकाळी ७:५०

शिरोलीकर, नमस्कार. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि बरीच वर्षे अशा लेन्स बसवण्याचे काम करतो. तुमचा डोळा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यामुळे पुढे लिहितो ते समजून घेण्यासाठी आहे, तपासणीच्या जागी नव्हे.

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची ओळ "डोळ्यात घालून काही पाहिले नाही" ही आहे. तुमच्या डोळ्याला आरजीपी चालत नाही असे अजून सिद्धच झालेले नाही. अहवालावरून आंधळेपणाने मागवलेली एक लेन्स चालली नाही, एवढेच सिद्ध झाले आहे. अहवालातील दोन आकड्यांची सरासरी ५४ डायॉप्टर येते. ३३७.५ ला ५४ ने भागले की ६.२५ मिलिमीटर ही त्रिज्या मिळते, आणि अनेकदा तेवढ्यावरच लेन्स मागवली जाते. पण हे आकडे बुबुळाच्या मधल्या साधारण ३ मिलिमीटर भागाचे असतात. उंचवटा लहान आणि मध्यावर आहे की पसरट आणि खाली ओघळलेला आहे, हे त्यांतून कळत नाही. सरासरी अगदी सारखी असलेल्या दोन डोळ्यांना दोन निराळ्या घडणीच्या लेन्स लागतात, हे आम्ही नेहमीच पाहतो. यात नंबर काढणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटचे काम असते. खरे काम लेन्स बसवण्याचे.

तुम्ही फौंड्रीत आहात, म्हणून तुमच्याच कामातले उदाहरण देतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर कुठे टेकतात हे पाहण्यासाठी एकाला निळा रंग लावून दुसऱ्यावर घासतात आणि डाग कुठे उमटला ते पाहतात. आम्ही हेच करतो, फक्त उलट्या रीतीने. अश्रूंत फ्लुरोसिनचा पिवळा रंग सोडून स्लिट लॅम्पच्या (डोळा तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या) निळ्या उजेडात पाहिले की लेन्स आणि बुबुळ यांच्यामध्ये जिथे पाणी साचले आहे तिथे हिरवे चमकते आणि जिथे लेन्स टेकली आहे तिथे काळे दिसते. केराटोकोनसमध्ये आरजीपी चांगली बसली की शिखरावर अगदी पुसट काळी छाया दिसते, तिच्याभोवती हिरवे कडे, मग बाजूंना आणखी दोन ठिकाणी हलका टेका, आणि कडेला पुन्हा हिरवी पट्टी. यालाच तीन ठिकाणी टेकणारी बैठक म्हणतात. शिखरावर मोठा, ठळक काळा डाग दिसत असेल तर लेन्स सपाट पडली आहे आणि सारा भार त्या एका टोकावर येतो. अशी लेन्स डोलते, पापणीने उचलली जाते आणि निसटते. तुम्ही लिहिलेली लक्षणे ऐकून मला हाच संशय येतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. अमेरिकेत केराटोकोनसच्या १,२०९ रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारा क्लेक नावाचा अभ्यास झाला. बुबुळावर नवे व्रण येण्याशी ज्या गोष्टींचा संबंध त्यात आढळला, त्यांत ५२ डायॉप्टरच्या वरची वक्रता, कॉन्टॅक्ट लेन्सचा वापर, रंग धरणारे ओरखडे आणि २० पेक्षा कमी वय यांचा समावेश होता. तुमचा डावा डोळा ५२ च्या पुढे आहे. त्यामुळे शिखरावर घासणारी लेन्स "सवय होईल" म्हणून रेटत राहणे योग्य नव्हे.

आता स्क्लेरलविषयी. साध्या आरजीपीचा व्यास साधारण साडेआठ ते दहा मिलिमीटर असतो, म्हणजे ती बुबुळावरच बसते. स्क्लेरल लेन्स १५ मिलिमीटरपासून पुढे असते. ती बुबुळाला अजिबात न टेकता त्याच्यावरून कमानीसारखी जाते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर उतरते. तो भाग बुबुळापेक्षा कितीतरी कमी हळवा असतो. मधली पोकळी सलाइनने भरलेली असते. बुबुळाचे वेडेवाकडे पृष्ठ त्या पाण्याखाली बुडते आणि प्रकाशाला लेन्सचे गुळगुळीत पृष्ठ मिळते. आरजीपीखाली अश्रूंचा थर हेच काम करतो. मऊ लेन्स मात्र बुबुळावर ओल्या कापडासारखी चिकटते आणि त्याचाच आकार घेते, म्हणून साधी मऊ लेन्स इथे फारशी कामाची नाही. एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो: बुबुळाची मागची बाजूही वाकलेली असते आणि तिच्यावर कोणत्याही लेन्सचा इलाज चालत नाही. त्यामुळे दिव्याभोवतीची थोडी सावली उरू शकते.

ही कल्पना नवीही नाही. केराटोकोनसचे सविस्तर वर्णन लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये केले. १८८८ मध्ये झुरिचचे फिक आणि पॅरिसचे काल्ट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, काचेच्या लेन्स डोळ्यावर बसवून पाहिल्या, आणि काल्ट यांचे रुग्ण केराटोकोनसचेच होते. म्हणजे मोठी लेन्स आधी आली, लहान नंतर. काचेतून हवा जात नसे, त्यामुळे बुबुळ गुदमरे आणि सुजे. प्राणवायू आरपार जाऊ देणारे पदार्थ आल्यावर जुनी कल्पना पुन्हा उभी राहिली. आजही स्क्लेरल घेताना तिचा पदार्थ भरपूर प्राणवायू जाऊ देणारा असावा, कारण लेन्स जाड असते आणि तिच्याखाली पाण्याचा थर असतो.

बसवताना आम्ही पाहतो ते असे. ट्रायल सेटमधील (नमुन्याच्या लेन्सच्या संचातील) लेन्स घातल्यानंतर अर्धा तास तरी थांबावे लागते, कारण ती हळूहळू पांढऱ्या भागात रुतते आणि दिवसभरात शंभरएक मायक्रॉन खाली येऊ शकते. स्लिट लॅम्पच्या बारीक पट्टीत लेन्सचा थर आणि त्याखालचा हिरवा थर शेजारीशेजारी दिसतात. लेन्सची जाडी माहीत असते, तिच्याशी तुलना करून हिरव्या थराची खोली ठरवायची. काही तासांनंतर शिखरावर साधारण २०० ते ३०० मायक्रॉन अंतर उरावे, असा आमचा प्रयत्न असतो. त्याहून फार जास्त ठेवले तर प्राणवायू कमी पडतो आणि दुपारी धुके येते; फार कमी ठेवले तर लेन्स शिखराला टेकते. मग कडा पाहायची. कडेखालच्या रक्तवाहिन्या पांढऱ्या पडल्या असतील तर ती तिथे दाबते आहे. डोळ्याचा पांढरा भाग सगळीकडे सारखा गोल नसतो, नाकाच्या बाजूला तो बहुधा सपाट असतो, म्हणून पुष्कळांना कडेची वक्रता दोन दिशांना वेगवेगळी करून घ्यावी लागते. पहिलीच लेन्स अचूक बसली असे क्वचितच होते. दुसरी किंवा तिसरी बनवावी लागली तर त्यात कुणाची चूक आहे असे समजू नये.

तुमच्यासाठी माझे मत असे: आधी ट्रायल सेटवर आरजीपी नीट बसते का ते पाहा. उजव्या डोळ्याला कदाचित चष्माच पुरेल. डाव्या डोळ्याला मात्र तुमच्या वाळूचा विचार करता स्क्लेरल अधिक सोयीची ठरेल, कारण तिच्या कडेखाली कण सहसा शिरत नाही आणि ती निसटत नाही. कामावर सुरक्षा गॉगल तरीही लावायचाच. लेन्स हे संरक्षण नव्हे.

कोल्हापुरात हे काम होते. पुण्या-मुंबईत पर्याय अर्थातच अधिक आहेत. प्रकरण फारच अवघड असेल तर हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथे प्रोस नावाची खास स्क्लेरल बसवली जाते. तुमच्या आकड्यांवरून तितकी गरज वाटत नाही. कुठेही जाण्यापूर्वी फोनवर विचारा: तुमच्याकडे स्क्लेरलचा ट्रायल सेट आहे का, लेन्स बदलून घ्यावी लागली तर किती वेळा आणि कोणत्या मुदतीत बदलून मिळते, आणि ती घालायला-काढायला कोण शिकवणार. तिसऱ्या प्रश्नाला "घरी व्हिडिओ पाहा" असे उत्तर आले तर तिथे जाऊ नका.

गडहिंग्लजची_बाई | ४ जून, दुपारी ४:३०

वरचे ऑप्टोमेट्रिस्ट सरांचे उत्तर फार चांगले आहे. मी शिक्षिका आहे आणि चार वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत स्क्लेरल वापरते. शिरोलीकर, तुम्ही माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे आहात, म्हणून जे कोणी सांगत नाही ते सांगते.

पहिला आठवडा रडवणारा असतो. टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, तोंड जमिनीला समांतर होईपर्यंत वाकायचे, रबरी प्लंजरवर लेन्स वाटीसारखी धरायची, तीत सलाइन काठोकाठ भरायचे आणि डोळा सताड उघडा ठेवून ती वर न्यायची. पाणी डोळ्याला लागले की पापणी मिटते आणि सगळे सलाइन कोपरापर्यंत ओघळते. पहिल्या दिवशी मला चाळीस मिनिटे लागली, आणि ती बसली तेव्हा मध्यभागी बुडबुडा होता! बुडबुडा राहिला की तिथे धूसर दिसते आणि बुबुळ कोरडे पडते, म्हणून लेन्स काढून पुन्हा सगळे पहिल्यापासून. माझी आई दारात उभी राहून म्हणाली, "अगं, डोळ्यात वाटी कसली घालतेस!" आता दोन्ही डोळ्यांना मिळून पाच मिनिटे पुरतात. युक्ती एकच सांगते: एका हाताची दोन बोटे पापण्यांच्या अगदी कडेवर, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी ठेवा, वरची कातडी ओढून उपयोग होत नाही.

काढताना प्लंजर लेन्सच्या मध्यावर लावू नका. मधोमध ओढले की सगळा डोळाच बाहेर येतो आहे असे वाटते. बोटाने खालची पापणी कडेपाशी हलकी दाबून आधी हवा आत जाऊ द्या, मग प्लंजर लेन्सच्या खालच्या कडेजवळ लावून वरच्या दिशेने कलवा. आधी बेसिनचे भोक बंद करा आणि खाली टॉवेल अंथरा. मी हे एकदाच विसरले आणि ती चूक मला पुढच्या पगारापर्यंत पुरली.

पाण्याबद्दल मात्र मी कठोर आहे. लेन्स नळाच्या, विहिरीच्या किंवा फिल्टरच्या कोणत्याच पाण्याने धुवायची नाही. गोड्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, आणि तो बुबुळात शिरला तर महिनोन्महिने उपचार चालतात. भरण्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले सलाइनच वापरा, तेही एकदाच वापरायच्या छोट्या कुपीतले. आमच्या गावात एक जण मोठी सलाइनची बाटली उघडून महिनाभर तीच वापरत होता; स्वस्त पडते म्हणे! ते सलाइन तासन् तास डोळ्याशी बंद राहते, हे त्याच्या लक्षात आले नव्हते.

आणखी एक. सकाळी आठला घातलेल्या लेन्सवर माझ्या एका डोळ्यात एक-दीडच्या सुमारास धुके येते, फळ्यावरची अक्षरे दुधात बुडाल्यासारखी होतात. मधल्या सुट्टीत ती काढून, पुसून, नवे सलाइन भरून पुन्हा घातली की संध्याकाळपर्यंत चालते. एक डबी, एक प्लंजर आणि दोन कुप्या पर्समध्ये असतातच. तुमच्या कारखान्यात हात साबणाने धुऊन स्वच्छ जागी बसता येईल अशी एखादी खोली आहे का, ते आधी पाहून ठेवा. मोल्डिंगच्या शेडमध्ये लेन्स काढायची नाही.

पन्हाळगड_७१ | ५ जून, सकाळी ११:०५

इतका खटाटोप कशासाठी करावा, असा मला प्रश्न पडतो. माझ्या मावसभावाचे बुबुळ बदलले आणि त्याला आता कसलाही त्रास नाही. एकदाच शस्त्रक्रिया करून मोकळे व्हावे. नाहीतर तिरक्या नंबराच्या मऊ लेन्स ऑनलाइन स्वस्तात मिळतात, त्या वापराव्यात.

नेत्रशल्य | ५ जून, रात्री ९:२०

पन्हाळगड_७१ यांच्या मावसभावाला चांगले दिसते याचा आनंद आहे, परंतु "एकदाच करून मोकळे" या शब्दांमुळे गैरसमज होऊ नये म्हणून मी नेत्रशल्यचिकित्सक म्हणून दोन गोष्टी लिहितो.

बुबुळ प्रत्यारोपण ही चांगली शस्त्रक्रिया आहे. मी स्वतः ती करतो. मध्यावर व्रण पडला असेल, बुबुळ अतिशय पातळ झाले असेल किंवा कोणतीच लेन्स डोळ्यात टिकत नसेल, तेव्हा ती करावी. मात्र टाके महिनोन्महिने, बहुधा वर्षभर किंवा अधिक काळ राहतात, नजर स्थिरावायला तेवढाच वेळ लागतो, शरीराने कलम नाकारण्याची शक्यता असते (डाल्क पद्धतीत रुग्णाचा स्वतःचा सर्वांत आतला थर राखला जातो, म्हणून ती कमी होते), आणि तिरका नंबर तर बहुतेकांना उरतोच. त्यामुळे प्रत्यारोपणानंतरही अनेक रुग्ण शेवटी आरजीपी किंवा स्क्लेरलच वापरतात. लेन्स चुकवण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली आणि वर्षाने पुन्हा लेन्सच्याच खुर्चीत येऊन बसले, असे रुग्ण मी पाहिले आहेत. व्रण नसलेल्या, ४५५ मायक्रॉन जाडीच्या आणि स्थिरावलेल्या बुबुळाला आज कात्री लावण्याचे कारण मला दिसत नाही. ऑनलाइन मऊ लेन्सबद्दल वर लिहिलेच आहे.

शिरोलीकर, तुम्ही आणि वाचणारे इतर, क्रॉस-लिंकिंग आणि लेन्स यांची गल्लत करू नका. क्रॉस-लिंकिंगमध्ये बुबुळाला रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, मुरवून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतात. मूळ पद्धतीत अर्धा तास. त्याने कोलाजेनचे धागे एकमेकांना अधिक घट्ट जोडले जातात आणि बुबुळ पुढे येण्याचे थांबते. त्याचे काम थांबवण्याचे आहे, स्पष्ट दिसण्याचे नव्हे. लेन्सने स्पष्ट दिसते, पण ती आजार थांबवत नाही. म्हणून स्क्लेरलने छान दिसू लागले तरी उजव्या डोळ्याची टोपोग्राफी दर सहा महिन्यांनी करा. लेन्सने बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून तपासणीपूर्वी ती किती दिवस काढून ठेवायची ते विचारून घ्या. कडक लेन्स असेल तर दोन आठवडे तरी काढून ठेवावी लागते.

आणि डोळे चोळता का? तुम्ही लिहिलेले नाही, पण फौंड्रीतल्या माणसाला हे विचारावेच लागते. मनगटाच्या सांध्याने डोळा चोळायची सवय असेल तर ती आजच सोडा. खाज येत असेल तर ॲलर्जीचे थेंब लिहून घ्या. अचानक डोळा दुखू लागला, पाणी वाहू लागले आणि बुबुळावर पांढुरके ढग आल्यासारखे दिसले, तर ते हायड्रॉप्स असू शकते: आतला पडदा फाटून बुबुळात पाणी शिरते. त्या दिवशी लेन्स घालू नये, डॉक्टरांकडे जावे.

शिरोलीकर | १९ जुलै, रात्री ९:४५

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण लेन्स पक्की होईपर्यंत लिहायचे नाही असे ठरवले होते.

ऑप्टोमेट्रिस्ट सरांनी सांगितलेले तीन प्रश्न मी चार ठिकाणी फोन करून विचारले. दोन ठिकाणी ट्रायल सेट नव्हता, एका ठिकाणी "व्हिडिओ पाहा" असेच उत्तर आले, चौथ्या ठिकाणी गेलो. तेथील मॅडमनी आधी आरजीपीच्या पाच ट्रायल लेन्स घालून पाहिल्या. पाचवी बरी बसली आणि ६/९ दिसले, पण मी वाळूचे काम सांगितल्यावर त्यांनी स्क्लेरलचा ट्रायल सेट बाहेर काढला. निळ्या उजेडातले छायाचित्र त्यांनी मला पडद्यावर दाखवले. जुनी लेन्स हरवलेली असल्यामुळे तिची तुलना करता आली नाही, परंतु त्याच त्रिज्येची ट्रायल लेन्स घालून त्यांनी शिखरावरचा काळा डाग दाखवला. तो मिरीच्या दाण्याएवढा ठळक होता. ब्लू लावलेला पार्ट रोज पाहणाऱ्याला आणखी काही समजावून सांगावे लागले नाही.

पहिली स्क्लेरल आली तेव्हा घातल्यावर शिखरावर ३५० मायक्रॉन आणि चार तासांनी २४० मायक्रॉन अंतर होते, म्हणजे मध्यभाग ठीक होता. मात्र नाकाच्या बाजूला रक्तवाहिन्या पांढऱ्या पडत होत्या आणि लेन्स काढल्यावर तिथे नखाने दाबल्यासारखी गोल रेघ राहत होती. ती परत पाठवून कडेची वक्रता दोन दिशांना वेगळी करून दुसरी मागवली. ती नऊ दिवसांपूर्वी आली. ६/६ च्या ओळीत दोन अक्षरे चुकतात, बाकी सर्व वाचता येतात. परवा व्हर्निअरची ०.०२ ची रेषा मी डाव्या डोळ्याने एकच पाहिली. हायवेवरच्या दिव्यांना अजून थोडी सावली आहे. ती राहील हे सरांनी आधीच सांगितले होते, त्यामुळे काळजी वाटली नाही.

डोळे मी चोळत होतो. आता सुटीच्या दिवशीही गॉगल लावतो. इतर कशासाठी नाही, तर हात डोळ्याकडे गेला की काचेवर आपटतो म्हणून. उजव्या डोळ्याची टोपोग्राफी नोव्हेंबरमध्ये आहे. कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत बेसिन आणि आरसा आहे, तेथे दुपारी लेन्स बदलायची परवानगी मिळाली आहे.

बाई, तुमची पापणीच्या केसांच्या मुळाशी बोटे ठेवण्याची युक्ती चौथ्या दिवशी जमली. माझी आईसुद्धा दारात उभी राहते.

एक शंका राहिली. नव्या लेन्सवर दोन बारीक खुणा आहेत. घालताना त्या वर-खाली ठेवायच्या की आडव्या, हे विचारायचे राहून गेले. मी रोज वर-खाली ठेवतो, पण दुपारी आरशात पाहिले तर त्या तिरक्या झालेल्या असतात. लेन्स फिरते, याचा अर्थ ती सैल आहे का?

ऑप्टोमेट्रिस्ट_राजारामपुरी | २० जुलै, सकाळी ८:१०

वाचून फार बरे वाटले.

खुणांची काळजी करू नका. कडेची वक्रता दोन दिशांना वेगळी असलेली लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या उतारांप्रमाणे स्वतःच फिरून आपल्या जागी बसते, आणि ती जागा अगदी उभी किंवा आडवी असावी असे नाही. तुम्ही कशीही घातली तरी ती तिथेच जाते. दुपारी त्या रोज एकाच कोनात तिरक्या दिसतात की दररोज वेगळ्या, एवढे पाहा. आठवडाभर दुपारी एक वाजता मोबाइलवर डोळ्याचे छायाचित्र काढा आणि मॅडमना दाखवा. कोन रोज सारखाच असेल तर लेन्स घट्ट आपल्या जागी आहे आणि नंबरात जो तिरका भाग उरला असेल तो त्या कोनाप्रमाणे लेन्सवरच घालता येईल. तुमची ती दोन अक्षरे कदाचित त्यानेच मिळतील. कोन रोज बदलत असेल, तर कडेचा पुन्हा विचार करावा लागेल, आणि ते बदलून मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी करून घ्या.